रोल नंबर बेचाळीस

आमच्या कॉलेजात वर्षातून एकदा मेलेल्यांची हजेरी घेतात. बाहेरच्याला ऐकून कसंतरी होतं, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सभागृहात सगळे वर्ग आपापल्या रांगेत बसतात. गणिताचे निवृत्त सर काठी टेकत व्यासपीठावर चढतात, चष्मा पुसतात, पुन्हा पुसतात आणि यादी वाचायला घेतात. नावं वाचत नाहीत, नंबर वाचतात. "प्रथम वर्ष कला, रोल नंबर आठ." लगेच त्या वर्गाने उभं राहून एका सुरात म्हणायचं, "हजर." "द्वितीय वर्ष विज्ञान, रोल नंबर सात." "हजर." असे एकोणीस नंबर. पहिल्या मोठ्या लढाईतले सहा, दुसऱ्या मोठ्या लढाईतले अकरा आणि अलीकडच्या, सरहद्दीवरच्या लढाईतले दोन. मग दोन मिनिटं शांतता आणि त्यानंतर चहा.

लढाईत गेलेल्याचा रोल नंबर त्या वर्गात पुन्हा कोणालाही द्यायचा नाही, हा दुसरा नियम. म्हणून आमच्या प्रथम वर्ष कलेत सातनंतर एकदम नऊ येतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी वाटतं, ऑफिसातल्या बाईला मोजता येत नाही. ती बाई म्हणजे मी.

एकतीस वर्षं झाली मला इथे. हजेरीपट तयार करायचे, रिकामे नंबर रिकामे ठेवायचे, गैरहजर पोरांची नावं कापायची आणि त्या दिवशी सरांच्या हातात टाइप केलेली यादी द्यायची, ही माझी कामं. सलग तीस दिवस कोणी वर्गाकडे फिरकलं नाही की मी लाल शाईने नावावर रेघ ओढते, शेजारी तारीख घालते, सही करते. त्यावरून पोरं मला कात्री म्हणतात. माझी खिडकी मुद्दाम बुटकी ठेवली आहे, कात्रीपुढे वाकायलाच लागतं, असंही म्हणतात. म्हणोत बापडी. एकतीस वर्षांत माझ्या हजेरीपटात खाडाखोड नाही, आणि एक वाजता बंद होणाऱ्या खिडकीवर एक वाजून एका मिनिटाने आलेल्याचं काम यंदापर्यंत कधी झालेलं नव्हतं.

यंदा इतिहासाच्या मॅडमनी हौस केली. मॅडम तरुण, दोन वर्षांपूर्वी लागलेल्या, चालताना पळणाऱ्या. नुसती हजेरी घेऊन भागत नाही, पोरांना कॉलेजचा आणि लढायांचा संबंध कळला पाहिजे, असं त्यांनी प्राचार्यांना पटवलं आणि वाचनालयाच्या दारात काचेची तीन कपाटं मांडली. पत्रं, पदकं, एक शिट्टी, पोचे पडलेला एक मग. त्यांनी शोधून काढलेलं सगळं खरं होतं, ते नाकारता येणार नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईत आमच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत जखमी ठेवले होते. तिथल्या लांब टेबलांच्या कडांना अजून स्क्रूची भोकं आहेत, पट्टे बांधायच्या कड्यांची. त्या वेळच्या प्राचार्यांनी सभागृहात असं काही भाषण ठोकलं की शेवटच्या वर्षाची अर्धी मुलं तिथूनच परस्पर भरतीला गेली. त्यांच्या सायकली कितीतरी महिने मागच्या छपराखाली उभ्या होत्या. आणि लढाईवर गेलेल्यांना परीक्षा न घेता पास करायचं, असा ठराव झाला होता. म्हणजे ते अकरा जण पास होऊन मेले.

हे सगळं करता करता मॅडमनी माझे हजेरीपट मागितले. रिकामे नंबर लढाईत गेलेल्यांच्या फलकावरच्या नावांशी ताडून बघायचे होते. मी दिले. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

दोन दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या, हातात वही.

"ताई, फलकावर नावं एकोणीस आहेत ना?"

"एकोणीस."

"मग रिकामे नंबर वीस कसे निघतात? द्वितीय वर्ष विज्ञानात सात आणि एकतीस आहेत, ते बरोबर. पण बेचाळीसही रिकामा आहे. यंदाच नाही, गेली सात वर्षं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात काहीच नव्हतं. मी टाचणीची डबी उजवीकडची डावीकडे ठेवली.

"छपाईत सुटला असेल," मी म्हटलं.

"सात वर्षं?"

"एकदा सुटलं की पुढे तसंच चालतं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. छपाईचा इथे काही संबंधच नाही, नंबर मी हाताने घालते, हे कॉलेजात कोणालाही माहीत आहे. पण त्या वही मिटून गेल्या.

बेचाळीस माझ्या मुलाचा नंबर.

घरी आम्ही त्याला राजे म्हणायचो, कारण उठायचा राजासारखा, दहा हाका मारल्यावर. आईच्याच कॉलेजात शिकतो, म्हणून मित्र त्याला कात्रीचं पातं म्हणत, तर तो हसायचा आणि घरी येऊन मला सांगायचा. उंच इतका की माझ्या खिडकीशी त्याला कमरेत वाकावं लागे. अभ्यासात बरा होता. दुसऱ्या वर्षाला असताना सरहद्दीवर लढाई लागली आणि हा सकाळी पळायला जायला लागला. मला आनंद झाला, राजे लवकर उठायला लागले म्हणून. पुढे वर्गातून गायब. हजेरीपट माझ्याच हाताखाली, मला नाही कळणार? घरी विचारलं तर म्हणाला, "आई, मी भरतीला उतरतोय." ह्यांनी काही म्हटलं नाही. ह्यांचं काही न म्हणणं म्हणजे परवानगी, हे बापलेकांमधलं जुनं खातं. मी पुष्कळ म्हटलं. इतकं म्हटलं की आमचं बोलणंच बंद झालं. एका घरात राहून तीन आठवडे आम्ही एकमेकांशी ह्यांच्यामार्फत बोलत होतो.

आमच्याकडे लढाईवर जाणाऱ्याला कॉलेज रजा देतं. हीसुद्धा जुनी पद्धत. खिडकीवर अर्ज द्यायचा, मी त्यावर आवकचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा, की त्याचं नाव पटावर राहतं. परत आला तर आपल्या नंबरावर येऊन बसतो. नाही आला तर फलकावर जातो. अर्ज न देता गेलेल्याचं मात्र इतरांसारखंच, तीस दिवसांनी लाल रेघ. आणि रेघ ओढलेला मुलगा कॉलेजचा नाही, तो कुठेही मरो. नियमात ‘मरो’ असं लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच.

गैरहजेरीच्या बाविसाव्या दिवशी तो खिडकीवर आला. घड्याळात एक वाजून दोन मिनिटं झाली होती. खिडकीची फळी ओढायला हात वर केला आणि समोर तो वाकलेला.

"आई, रजेचा अर्ज आहे. शिक्का मारून दे."

तीन आठवड्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"एक वाजला," मी म्हटलं. "दोननंतर या."

"दोनची गाडी आहे, आई."

मी फळी खाली ओढली. ती पूर्ण बसत नाही, खाली चार बोटं फट राहते. फटीतून कागद आत सरकला. मी तो उचलला नाही. डबा उघडला. दोन वाजता फळी वर केली तेव्हा खिडकीवर कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं, रजा मिळाली नाही तर वर्ष बुडेल, नाव कटेल, या भीतीने थांबेल. तेवीस वर्षं पोरांना नाव कापायच्या भीतीने सरळ करत आले होते, त्यामुळे त्या भीतीवर माझा फार विश्वास. घरी गेले तर त्याची पिशवी नव्हती. कागद मी दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवला, शिक्का न मारता. मनात म्हटलं, राजे आठ दिवसांत परत येतील, तेव्हा तोंडावर फेकेन. तीस दिवस भरले. त्या वेळचे प्राचार्य म्हणाले, "बाई, राहू द्या, तुमचाच मुलगा आहे." मी म्हटलं, "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं माझ्या हजेरीपटात चालत नाही." आणि रेघ ओढली, तारीख घातली, सही केली. ऑफिसात दोन दिवस माझं कौतुक चाललं होतं.

चौदा महिन्यांनी बातमी आली.

मी रडले नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. दात काढताना डॉक्टर भूल देतात, मग ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. तसं झालं, फक्त ते उतरलं नाही. पाचव्या दिवशी ऑफिसात गेले आणि साठलेली आवक नोंदवली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. काही जण दुसरंही काही म्हणाले असतील.

त्याचं नाव फलकावर घ्यायचं का, हे ठरवायला समिती बसली. टिपणी घ्यायला मीच होते, कारण सगळ्या समित्यांच्या टिपण्या मीच घेते. प्राचार्यांनी विचारलं, "बाई, जाताना त्याने रजेचा अर्ज वगैरे काही दिला होता का?" सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना मी हो म्हणायला हवं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग त्यावर शिक्का का नाही? आणि त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत ह्यांच्या कानावर जाणार. मी म्हटलं, "नाही." आणि तेच टिपणीत लिहिलं. "रजेचा अर्ज दप्तरी आढळून येत नाही, सबब नाव घेता येत नाही." अक्षर चांगलं आलं होतं.

पुढच्या जूनला नवा हजेरीपट करताना एक्केचाळीसनंतर माझा हात त्रेचाळीसवर गेला. ठरवून नाही केलं. केल्यावर मात्र तसंच ठेवलं, आणि दर वर्षी ठेवलं.

ह्यांचा पुस्तकबांधणीचा धंदा आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. कॉलेजचे हजेरीपट वर्षाअखेरी एकत्र बांधायला ह्यांच्याकडेच येतात. मुलाबद्दल आम्ही बोलत नाही. हे सकाळी खळ शिजवतात, दिवसभर पाठीत वाकून शिवतात, मी ऑफिसात जाते आणि येते. फक्त हजेरीच्या दिवशी मी घरी आले की हे मान वर न करता विचारतात, "झाली हजेरी?" मी म्हणते, "झाली." मग मी चहा टाकते. सात वर्षं हेच चाललं होतं.

तर यंदा. मॅडम माझ्याकडून प्राचार्यांकडे गेल्या असाव्यात, चहाडी करायला नव्हे, त्यांच्या यादीचा मेळ बसत नव्हता म्हणून. आताचे प्राचार्य नवीन, तीनच वर्षं झालीत, जुन्या भानगडी त्यांना माहीत नाहीत. त्यांनी मला बोलावलं.

"बाई, हा बेचाळीस उगाच मोकळा पडलाय म्हणे?"

"पडलाय."

"मग त्या बदलीवर आलेल्या मुलीला द्या ना तो. ती आठवडाभर नंबराविना बसतेय. हजेरीच्या दिवसाआधी पट नीट करून टाका, मॅडमचं प्रदर्शनही बिनचूक होईल."

सुंठीवाचून खोकला गेला, अशा चेहऱ्याने ते पुढच्या कागदाकडे वळले. मी "बरं" म्हणून बाहेर आले.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी खिडकीवर आली. एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. चष्मा, केसांना पिवळं रबर, ओळखपत्राचा अर्ज हातात. मी हजेरीपट उघडला. बेचाळीसचा चौकोन समोर होता, स्वच्छ. एक नाव लिहायचं, एवढंच काम. मी पेन उघडलं. निबेवर शाई वाळली होती, झटकलं. पुन्हा टेकवलं. मुलगी म्हणाली, "मॅम, स्पेलिंग सांगू का?" मी म्हटलं, "दिसतंय मला." पण लिहिलं नाही. माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ आहे, त्याचा आवाज एरवी मला ऐकू येत नाही.

मग तिची नजर घड्याळाकडे गेली आणि ती गडबडीने सरळ झाली. "सॉरी मॅम, एक वाजून गेला. मी दोननंतर येते." कॉलेजात येऊन आठवडा झाला होता, तेवढ्यात तिला कोणीतरी कात्रीचे नियम पढवून ठेवले होते.

"थांब," मी म्हटलं. "कुठे जाऊ नकोस."

एक वाजून दोन मिनिटं झाली होती. मी फळी ओढली नाही. पान उलटलं आणि शेवटच्या नावाखाली, चौसष्टवर, तिचं नाव लिहिलं. ओळखपत्राच्या अर्जावर चौसष्ट घातला, शिक्का मारला, कागद तिच्या हातात दिला. ती "थँक यू" म्हणून पळाली. मागे दोन मुलं उभी होती, फळी अजून वर कशी म्हणून एकमेकांकडे बघत. मी त्यांचीही कामं केली.

त्यानंतर ड्रॉवर उघडला. अर्ज तळाशी होता, जुन्या शिक्क्यांच्या डब्याखाली. चार ओळींचा. ‘महोदय, मी सैन्यात दाखल होत असल्याने मला रजा मिळावी ही विनंती.’ सही करताना त्याने नेहमीसारखी शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढली होती. मी आवकचा शिक्का त्या दिवसाच्या तारखेवर आणला. तारीख मागे फिरवता येते, चाकच असतं ते. मी नाही फिरवलं. शिक्का मारला, आवक नंबर घातला आणि खाली शेरा लिहिला: ‘सदर अर्ज आठ वर्षांपूर्वी खिडकीवर प्राप्त. मी आवक केला नाही.’ आणि सही.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. मॅडमही तिथेच होत्या, प्रदर्शनाचं काहीतरी घेऊन.

"हा... हा तुमचा मुलगा?"

"हो."

मॅडमनी हातातल्या फोटोंचा गठ्ठा उगाच सारखा केला.

"बाई," प्राचार्य शेवटी म्हणाले, "नाव घेता येईल. अर्ज आहे, म्हणजे नियमाने घ्यायलाच हवं. पण शेरा बदला. ‘नजरचुकीने आवक करण्याचे राहून गेले,’ असं लिहा. सगळे तसंच लिहितात. तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"नजर चुकली नव्हती, सर."

"अहो, पण तुम्हाला खुलासा द्यावा लागेल. समितीपुढे."

"देईन. टिपणी दुसऱ्या कोणालातरी घ्यायला सांगा."

मॅडम माझ्यामागोमाग बाहेर आल्या. जिन्याशी त्यांनी माझा हात धरला. "ताई, मला माहीत नव्हतं हो. मी उगाच उकरून काढलं." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "तुम्ही बरोबर मोजलंत." मला खरंच त्यांचा राग आला नव्हता. कसलंच काही वाटलं नव्हतं.

समिती आठवड्याने बसली. मी खुर्चीवर न बसता उभी राहून सांगितलं, जसं झालं तसं. एक वाजून दोन मिनिटं, फळी, कागद, ड्रॉवर. समितीत आतापर्यंत माझ्याशी अदबीने वागणारे लोक होते, ते टेबलाकडे बघत होते. एक जण म्हणाला, "पण बाई, असं का?" मी म्हटलं, "तो जाऊ नये म्हणून." ठराव एकमताने झाला. माझ्याबद्दल काय करायचं ते नंतर बघू, असं ठरलं.

घरी मी काही सांगितलं नाही. हे एक जाडजूड कायद्याचं पुस्तक बांधत होते, पुठ्ठ्यावर कापड ताणून. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भाजीत मीठ कमी पडलंय का, असलं काहीतरी विचारलं.

हजेरीचा दिवस आला. यादी मी टाइप केली, वीस ओळींची. सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. सभागृहाच्या मागच्या दाराशी मी दर वर्षी उभी राहते तशी उभी राहिले, यादीची प्रत घेऊन, एकेका नंबराला खूण करत. येताना मॅडमच्या कपाटांपुढे गर्दी दिसली होती. पोरं त्या चेपलेल्या मगाचे फोटो काढत होती.

"द्वितीय वर्ष विज्ञान, रोल नंबर सात."

"हजर."

"रोल नंबर एकतीस."

"हजर."

सर थांबले. इतक्या वर्षांची यादी त्यांना पाठ आहे, पुढचा नंबर त्यांच्या तोंडात बसलेला नव्हता. कागद डोळ्यांजवळ नेला.

"रोल नंबर बेचाळीस."

वर्ग तिसऱ्यांदा उठला. चौसष्ट नंबरची मुलगी शेवटच्या रांगेत, पिवळं रबर. "हजर," ते म्हणाले, इतर नंबरांना म्हणतात तसंच, ना कमी ना जास्त. मी खूण केली. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. निदान रडू फुटेल. सात वर्षं मी या एका हाकेची वाट बघत होते, आणि ती आली तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की सरांचा आवाज यंदा खोल गेलाय. पुढचा नंबर आला. त्यालाही खूण केली.

चहाला थांबले नाही. घरी आले तेव्हा ऊन अजून पुढच्या खोलीत होतं. हे खाली बसून शिवत होते, एका हातात दाभण, दोरा दातांत धरलेला. दोरा काढला.

"झाली हजेरी?"

"झाली," मी म्हटलं. चपला काढल्या. आत गेले नाही. "बेचाळीसही घेतला."

ह्यांचा हात थांबला. मान वर झाली नाही.

"अर्ज होता त्याचा," मी म्हटलं. "माझ्याकडेच होता. मीच दाबून ठेवला होता."

"माहीत आहे."

मी दाराच्या चौकटीला टेकले.

"गाडीच्या आधी तो इथे आला होता," हे म्हणाले. "पिशवी घ्यायला. म्हणाला, आईने फळी ओढली, मी कागद आत सरकवलाय. आणि हजेरीपट बांधताना मला दिसत नव्हतं का, दर वर्षी एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस?"

"मग बोलला का नाहीत? आठ वर्षं?"

"कागद तुझ्याकडे आला होता. आवक तूच करायची होतीस." त्यांनी दाभण पुन्हा कागदात घातलं, पण ओढलं नाही. "मी विचारत होतोच की दर वर्षी."

दर वर्षी. झाली हजेरी. मी चहा टाकायला जात होते.

"चिडला होता?" मी विचारलं.

"नाही. हसत होता. पण गाडी चुकेल म्हणून धावत सुटला. उशीर झाला होता त्याला. तू उघडशील म्हणून खिडकीशी अर्धा तास उभा होता म्हणे."

"अर्धा नाही," मी म्हटलं. "पाऊण. दोन मिनिटं कमी."

आता ह्यांनी मान वर केली.

"फटीतून शर्ट दिसत होता," मी म्हटलं. "डबा पुढ्यात उघडून मी तिकडेच बघत बसले होते. पट्ट्याच्या वरचं, खालून दुसरं बटण तुटलं होतं. घरी आला की लावून देऊ म्हटलं."